सेफ क्लस्टरमधला होस्ट रात्री बंद करून परत आणायचा आहे, नुसतं नोआउट पुरतं का?

कोपरखैरणेकर
नमस्कार मंडळी. महाप्याच्या एमआयडीसीत एका डेटा सेंटरमध्ये आमच्या कंपनीचा सेफ क्लस्टर आहे (सेफ म्हणजे अनेक मशीनच्या डिस्क जोडून एक मोठी साठवण करणारं सॉफ्टवेअर). पाच होस्ट, म्हणजे सर्व्हर. प्रत्येकात ८ टीबीच्या १२ डिस्क आणि डीबीसाठी (डिस्कवरच्या डेटाच्या नोंदींसाठी) दोन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), म्हणजे एकेका एनव्हीएमईवर सहा ओएसडींचा (ओएसडी म्हणजे एकेक डिस्क सांभाळणारी सेवा) भार. व्हर्जन क्विन्सी, सेफएडीएमने (सेफ बसवायचं-चालवायचं साधन) बसवलेलं. सगळे पूल तीन कॉपींचे, मिन-साइझ २ (दोनपेक्षा कमी कॉपी उरल्या तर काम थांबतं), फेल्युअर डोमेन होस्ट (प्रत्येक कॉपी वेगळ्या होस्टवर). मॉनिटर (क्लस्टरच्या स्थितीवर नजर ठेवणाऱ्या सेवा) होस्ट १, २ आणि ३ वर. जागा ६८ टक्के भरलेली.

पाचही होस्टचं एचबीए कार्ड (डिस्क जोडणारं) बदलायचंय आणि रॅम वाढवायची आहे. येत्या शनिवारी रात्री ११ ते पहाटे ४ अशी वेळ मिळालीय. व्हेंडरचा इंजिनिअर येईल, पण कमांड मीच देणार. मी इथे येण्याआधी एकदा कोणीतरी होस्ट सरळ बंद केला होता. त्यानंतर दोन दिवस डेटा इकडून तिकडे हलत राहिला आणि सगळ्या व्हीएम (व्हर्च्युअल मशीन) रखडल्या, असं सहकारी सांगतात. या क्लस्टरवर एका रुग्णालयाचे एक्स-रे आणि एमआरआय आहेत. रात्री अपघाताचा पेशंट आला आणि डॉक्टरांना फिल्म उघडता आली नाही, असं माझ्यामुळे होता कामा नये.

नोआउट (बंद पडलेल्या डिस्कचा डेटा दुसरीकडे हलवू नको असं सांगणारा फ्लॅग) लावून एकेक होस्ट बंद-चालू करत गेलो तर पाच तासांत पाचही होतील का?

वागळे_इस्टेट
नोआउट लावा, होस्ट बंद करा, काम करा, चालू करा, नोआउट काढा. आम्ही ठाण्याला तीन होस्टच्या क्लस्टरवर कायम असंच करतो. एका होस्टला अर्धा तास धरा. पाच तास भरपूर झाले.

रात्रपाळी_ऐरोली
कोपरखैरणेकर, तुम्ही आकडे दिलेत ते फार बरं केलंत. तिथूनच सुरू करते.

साठ डिस्क, प्रत्येकी ८ टीबी, म्हणजे एकूण ४८०. त्यातले ६८ टक्के, साधारण ३२६ टीबी भरलेले. एक होस्ट आउट झाला (म्हणजे क्लस्टरने त्याला हिशोबातून काढून डेटा इतरांवर हलवायला घेतला) तर मागे ३८४ उरतात, आणि तेच ३२६ त्यांत बसवायचे म्हणजे सरासरी ८५ टक्के. सेफची निअरफुलची (भरत आल्याच्या इशाऱ्याची) मूळ मर्यादा बरोबर ८५ आहे. क्रश (डेटा कुठे ठेवायचा ते ठरवणारी सेफची पद्धत) सगळ्या डिस्क सारख्या भरत नाही, काही सरासरीच्या पाच-सात टक्के वर असतात. त्या ९० ओलांडतील आणि बॅकफिल (डेटा हलवणं) तिथेच अडेल. एखादी ९५ ला गेली की लिहिणंच बंद. म्हणजे तुमच्याकडे होस्ट आउट होऊ देणं परवडणारंच नाही. हे फक्त शनिवारपुरतं नाही बरं का. उद्या एखादा होस्ट खरोखर मेला तरी हेच होईल. सहाव्या होस्टची मागणी आजच लिहून टाका, त्यात हा हिशोब जसाच्या तसा घाला.

आता वेळेचं. होस्ट गप्प झाला की साधारण २० सेकंदांत शेजारचे ओएसडी तक्रार करतात आणि मॉनिटर त्याला डाऊन धरतो. डाऊन झाल्यावर ६०० सेकंद वाट पाहून आउट. दहा मिनिटं पुष्कळ वाटतात, पण रॅम वाढवल्यावर पहिल्या बूटला मेमरी ट्रेनिंगच (रॅमची जुळवाजुळव) किती वेळ खातं ते बघा. तुमच्याकडे मागे घडलं ते बहुतेक असंच घडलं असणार.

पण अख्ख्या क्लस्टरवर नोआउट लावायला मी आता कोणालाच सांगत नाही. कारण सांगते.

काही वर्षांपूर्वी रबाळ्याला एका क्लस्टरवर मी स्वतः नोआउट लावलं, काम झालं, पहाटे घरी आले. काढायचं राहिलं. सेफचा स्टेटस पिवळा होता. पण तो आमच्याकडे या ना त्या कारणाने नेहमीच पिवळा असायचा, म्हणून कोणी वाचला नाही. दहा-बारा दिवसांनी एक डिस्क गेली. एरवी दहा मिनिटांत ती आउट झाली असती आणि तिच्या पीजींची (पीजी म्हणजे डेटाचे गट, ज्यांच्या कॉपी ठेवल्या जातात) तिसरी कॉपी दुसरीकडे बनली असती. नोआउटमुळे क्लस्टर तिची वाट बघत बसला. आठवडाभराने दुसऱ्या होस्टवरची डिस्क गेली. ज्या पीजी दोन्ही डिस्कवर होत्या त्यांची एकच कॉपी उरली, मिन-साइझ २ असल्यामुळे त्या थांबल्या, आणि त्यांच्यावरच्या व्हीएम गोठल्या. तिसरी कॉपी जिवंत होती म्हणून डेटा वाचला. पण रिकव्हरी पूर्ण होईपर्यंतचे ते सहा तास मी एकाच डिस्कच्या भरवशावर काढले. त्या सहा तासांत चौघांनी मला मिन-साइझ १ करायला सांगितलं. मी केलं नाही. एका कॉपीवर नवीन लिहायला लागायचं आणि तीच डिस्क गेली तर मागे काही उरत नाही.

म्हणून तुम्ही सेफएडीएमचा मेंटेनन्स मोड वापरा: सेफ ऑर्क होस्ट मेंटेनन्स एंटर, पुढे होस्टचं नाव. तो आधी बघतो की हा होस्ट थांबला तर कुठली पीजी अडकेल का, मग त्या एका होस्टपुरतंच नोआउट लावतो आणि त्यावरच्या सगळ्या सेवा थांबवतो. एक्झिट दिलं की नोआउट आपोआप निघतं. बाकी चार होस्टवर त्या वेळात डिस्क गेली तर क्लस्टर तिची काळजी नेहमीसारखी घेत राहतो. एंटरने नकार दिला तर फोर्स लावू नका, नकाराचं कारण वाचा. चालू मॅनेजर (क्लस्टरची व्यवस्था बघणारी सेवा) त्याच होस्टवर असेल तर आधी सेफ मॅनेजर फेल देऊन दुसऱ्याकडे सोपवा.

आणि पाच तासांत पाच होस्ट होणार नाहीत. दोन धरा.

होस्ट परत आला, ओएसडी अप दिसले, म्हणजे काम संपलं असं नसतं. तो बंद असताना झालेलं सगळं लिखाण दोनच कॉपींत गेलेलं असतं. परत आल्यावर पीजी लॉग बघून तेवढंच भरून काढलं जातं, त्यामुळे तासाभराच्या बंदला रिकव्हरी लवकर आटोपते. पण ती चालू असताना पुढचा होस्ट बंद केलात, तर काही पीजींची ताजी कॉपी एकच उरेल आणि त्या थांबतील. एक्स-रे अडकतील ते अशा वेळी. सगळ्या पीजी ॲक्टिव्ह-क्लीन दिसेपर्यंत दुसऱ्या होस्टला हात लावायचा नाही. व्हेंडरचा माणूस घड्याळ दाखवेल. दाखवू द्या.

दिघा_हँड्स
मी कमांडवाला नाही, डेटा सेंटरच्या फ्लोअरवर काम करतो. आमच्या बाजूचं थोडं सांगतो.

होस्टचं नाव आणि रॅकमधली जागा यांचा कागद जुना असतो. माझ्यासमोर एका इंजिनिअरने चालू होस्टची वायर ओढलेली आहे, कारण कागदावर यू १४ (रॅकमधला खण) होतं आणि मशीन यू १६ ला सरकवलेलं होतं. म्हणून आधी आयपीएमआयवरून (मशीन दुरून हाताळायची सोय) त्या होस्टचा निळा दिवा लावा आणि रॅकच्या पुढून-मागून दोन्हीकडून बघा. मागच्या बाजूला डावं-उजवं उलटं होतं, तिथे गफलत जास्त होते. सिरीयल नंबर मोठ्याने वाचा, दुसऱ्याने स्क्रीनवरच्या नंबराशी जुळवायचा.

वायर काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढा आणि प्रत्येक वायरला पट्टी लावा. होस्टचे दोन पॉवर सप्लाय दोन वेगवेगळ्या पीडीयूवर (रॅकमधल्या वीजपट्ट्यांवर) असतात, ए आणि बी. परत लावताना घाईत दोन्ही एकाच पीडीयूला लागतात. त्या रात्री काही कळत नाही, सगळे दिवे हिरवे. पुढे कधीतरी त्या फीडचं काम निघतं आणि होस्ट धाडकन जातो. हे मी तीनदा पाहिलंय.

एनव्हीएमईचे कॅडी (बाहेर ओढता येणारे धारक) समोरच असतील तर त्यांच्यावर टेप लावून ठेवा. एक चुकून ओढला तर तुमच्या सहा डिस्क गेल्यातच जमा.

वागळे_इस्टेट
ताई, अख्ख्या क्लस्टरच्या नोआउटचं पटलं. आमच्याकडे आत्ताच बघितलं, फ्लॅग लागलेलाच होता. काढला. पण आमचे तीनच होस्ट आहेत, तिथे हे वेगळं लागू होतं का?

रात्रपाळी_ऐरोली
दादा, काढलात हे फार चांगलं केलंत. तीन होस्ट, तीन कॉपी, फेल्युअर डोमेन होस्ट असेल तर एक होस्ट गेल्यावर तिसरी कॉपी ठेवायला चौथा होस्टच नसतो, त्यामुळे डेटा तसा फारसा पळत नाही. पण कुठल्याही होस्टच्या कामात तुम्ही थेट मिन-साइझवर येऊन उभे राहता, आणि उरलेल्या दोनांतली एक डिस्क गेली तरी तिच्यावरच्या पीजी थांबतात. मॉनिटरही तिघांतले दोनच उरतात, अजून एक गेला की कोरम (निर्णयाला लागणारं बहुमत) संपला. म्हणून काम सुरू करण्याच्या आदल्या दिवशी बाकी दोन होस्टच्या डिस्कचं स्मार्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बघून घ्या. रीॲलोकेटेड सेक्टर (खराब झाल्याने बदललेले भाग) वाढत असलेली एखादी सापडली तर आधी ती बदला.

त्यावरून आठवलं. नोआउट हे परत येणाऱ्या हार्डवेअरसाठी असतं. मरायला टेकलेल्या डिस्कला याच्या बरोबर उलट करायचं: चालू असतानाच तिला आउट करा, तिच्यावरचा डेटा निघून जाऊ द्या, सेफ-टू-डिस्ट्रॉय कमांड होकार देईपर्यंत थांबा, मगच ओढा. लोक ही दोन कामं एकाच वहीत लिहितात आणि गोंधळ होतो.

कोपरखैरणेकर, नेटवर्क राहिलं. कार्ड बदलताना केबल निघाल्या, की परत लावल्यावर बाँडच्या (एकत्र जोडलेल्या नेटवर्क केबलींच्या) दोन्ही लिंक अप आहेत का ते बघा. जम्बो फ्रेम (नेटवर्कची मोठी पाकिटं) असतील तर साध्या पिंगवर विसंबू नका. तुकडे न करता ८९७२ बाइटचा पिंग प्रत्येक होस्टकडे पाठवा. एखाद्या पोर्टवर एमटीयू (पाकिटाची कमाल लांबी) १५०० राहिला असेल तर छोटा पिंग जातो आणि मोठी पाकिटं गिळली जातात. मग ओएसडी अप-डाऊन, अप-डाऊन होत राहतात आणि रात्रभर कारण सापडत नाही. ही चाचणी एक्झिट देण्याआधी करायची.

नवीन कार्ड आयटी मोडचंच (डिस्क जशाच्या तशा दाखवणारं) आहे ना, तेही खोका फोडण्याआधी विचारून घ्या. रेड (डिस्क एकत्र बांधणारं) फर्मवेअर असलेलं आलं आणि त्याने डिस्कवर स्वतःचं काही लिहायला घेतलं तर त्या होस्टचे बाराही ओएसडी नव्याने भरावे लागतील. डिस्कची नावं बदलली, एसडीएची एसडीसी झाली, तर घाबरू नका. ओएसडी नावावरून सापडत नाही, एलव्हीएमच्या (लिनक्सची डिस्क-व्यवस्था) टॅगवरून सापडतो.

कोपरखैरणेकर
काम करून आलो, सविस्तर लिहितो.

मॉनिटर नसलेल्या होस्टपासून सुरुवात केली, आधी ५, मग ४. शुक्रवारीच व्हेंडरला कार्डबद्दल फोन केला होता, आणि खरंच पाचांतलं एक कार्ड रेड फर्मवेअरचं निघालं. ते शनिवारी दुपारी बदलून आलं.

११:१० ला होस्ट ५ ला एंटर दिलं, लगेच झालं. निळा दिवा लावला, दिघ्याच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे सिरीयल वाचून जुळवला. आमच्याही कागदावर यू नंबर चुकीचा होता. कार्ड आणि रॅम बसवून पॉवर दिली, पहिला बूट ११ मिनिटांचा. नुसतं दहा मिनिटांवर राहिलो असतो तर तिथेच आउट झालं असतं. मग मोठा पिंग पाठवला, तो होस्ट २ आणि ३ कडे गेला, १ आणि ४ कडे जाईना. बाँडची एक लिंक दुसऱ्याच पोर्टात लागली होती, तिथे एमटीयू १५००. केबल बदलली. तारीखही चुकलेली होती, मदरबोर्डवरचा सेल संपलाय. क्रोनीने (घड्याळ जुळवणारा प्रोग्रॅम) वेळ जुळवल्यावरच एक्झिट दिलं. १२:५० ला बाराही ओएसडी अप, १:२५ ला सगळं ॲक्टिव्ह-क्लीन.

व्हेंडरचा इंजिनिअर १२:५५ पासून "झालं ना, पुढचा घेऊ" म्हणत होता. स्क्रीनवरचा डिग्रेडेडचा आकडा खाली येताना त्याला दाखवत बसलो. मग तोही थांबला.

होस्ट ४ २:५० ला पूर्ण झाला. तिसरा घ्यायला वेळ होता, पण रिकव्हरी चारच्या पुढे गेली असती, म्हणून थांबलो. रुग्णालयाच्या बाजूने एकही तक्रार नाही. निघण्याआधी हेल्थ डिटेल बघितलं, कुठलाही फ्लॅग नाही. सहाव्या होस्टची मागणी सोमवारी दिली, तुमचा हिशोब लावूनच. उरलेले १, २, ३ पुढच्या शनिवारी.

रात्रपाळी_ऐरोली
छान थांबलात.

पुढच्या तिन्हींवर मॉनिटर आहेत, म्हणून तो सेल आधी बघा. मॉनिटरच्या घड्याळात ०.०५ सेकंदाचा फरक पडला तरी क्लॉक स्क्यूची तक्रार येते, आणि तुमचा तर दिवसांचा फरक होता. पाचही मशीन एकाच खरेदीतली असतील तर बाकीचे सेलही तेवढेच जुने. सीआर२०३२ आहे का ते मॅन्युअलमध्ये बघून शनिवारच्या आधी तीन घेऊन ठेवा. आणि एका होस्टचा मॉनिटर कोरममध्ये परत आल्याचं बघितल्याशिवाय दुसऱ्याला एंटर देऊ नका.

कोपरखैरणेकर
हो ताई, सीआर२०३२च आहे. आजच वाशीहून आणतो.