‘धडकलेल्या ईव्हीला हात लावू नका’ : हा सल्ला जीव घेईल

प्रसाद (रावपुरा): परवा इथं कुणीतरी लिहिलं, ‘इलेक्ट्रिक गाडी ठोकली तर करंट बसेल, फायरवाले येईपर्यंत लांब राहा.’ वाचून डोकं फिरलं. आत माणूस रक्तबंबाळ आणि आपण लांब? बॅटरीचं ३००-४०० व्होल्टचं सर्किट गाडीच्या बॉडीला जोडलेलंच नसतं. एअरबॅग उघडल्या की बहुतेक गाड्यांत बॅटरीचा मुख्य कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला बाकी गाडीशी जोडणारा स्विच, आपोआप सुटतो. धूर नसेल, फुसफुस ऐकू येत नसेल, तर दार उघडा आणि माणूस काढा. जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला तेवढं शिवू नका.

अश्विनी: तुमचं ‘बहुतेक’ कुणाच्या जिवावर? कॉन्टॅक्टर सुटला तरी बॅटरी पॅकमधला चार्ज आतच राहतो. माझा भाऊ अग्निशमन दलात आहे. पत्रा कापताना केबल कुठून गेलीय हे त्याला कोण सांगणार? प्रत्येक मॉडेलचं वेगळं. युरोपात रेस्क्यू शीट, म्हणजे त्या मॉडेलची बॅटरी-केबल कुठं आहे ते दाखवणारा नकाशा, मोबाइलवर उघडते. इथं ओळख काय, तर हिरवी नंबरप्लेट. ती चेपली की संपलं.

हेमंतकाका: आणि सीएनजीचं काय? डिकीत सिलिंडर घेऊन सगळं बडोदा फिरतंय, त्यावर कुणी धागा काढत नाही!

सुनील (गॅरेजवाला): काका, विषय भरकटवू नका. खरी भीती नंतरची आहे. आग विझली की क्रेनवाला गाडी माझ्या दारात टाकून जातो. लिथियमची बॅटरी काही तासांनी, कधी काही दिवसांनीही पुन्हा पेटते. अमेरिकेत अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबी या सरकारी संस्थेचा २०२० चा अहवाल याच धोक्यावर आहे. अशी गाडी इतर गाड्यांपासून ५० फूट लांब ठेवा म्हणतात. माझ्याकडे ५ फूट नाहीत, वर बिऱ्हाडं राहतात.

हेमंतकाका: मग घेऊ नका गाडी!

सुनील: तुम्ही सांगा की क्रेनवाल्याला! विम्याचा सर्व्हेअर येईपर्यंत मला ती हलवताही येत नाही. एकदा रात्रभर पाण्याचा पाइप घेऊन बसलोय. मोकळं यार्ड मागितलं, तर जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

अश्विनी: यार्डाचं शंभर टक्के बरोबर. क्रेनवाल्यांनाही शिकवायला हवं, धूर त्यांच्याही नाकात जातो. त्यात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असतो. प्रसाद, धूर नसेल तर माणूस काढा, एवढं मान्य. पण कापाकापी लोकांनी करायची नाही.

प्रसाद: कापायचं मी कुठं म्हटलं? उलट, आवाज नाही म्हणजे गाडी बंद आहे असं धरू नका. गिअर पार्कमध्ये टाका, गाडी बंद करा, चाकाखाली वीट लावा, मग आत हात घाला. भावाला विचारून यात काय राहिलं ते लिहा.