पाडव्याला सुरू केलेली सवय आठव्या दिवशीच का मोडते?

आगरातला_आळशी

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

वय 39, घर गुहागर तालुक्यात, आधी पुण्याला होतो, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये लॅपटॉप घेऊन गावी आलो तो इथलाच झालो. कंपनीची काही तक्रार नाही, पडवीच्या उजव्या कोपऱ्यात रेंज येते, तिथे टेबल टाकलंय. तक्रार माझी माझ्याबद्दलच आहे. एक सवय धड लागत नाही.

घरात अण्णा, म्हणजे वडील, वय 74. पहाटे साडेचारला मधल्या दाराचा अडसर काढून खाली ठेवल्याचा आवाज येतो, मग मोटर चालू, मग खोरं घेऊन पाटाचं पाणी एकेका आळ्यात वळवत सुपाऱ्यांखालून फिरणं, सव्वासहाला चहा, रात्री साडेनऊला आडवे. मला कळायला लागल्यापासून हेच. अलार्म लावत नाहीत, लावायचा कसा हेच त्यांना माहीत नाही. सगळा रेकॉर्ड माजघरातल्या कालनिर्णयवर, चौकोनात बारीक पेन्सिलीने दुधाचे आकडे, सिलिंडर कधी लावला, मोटर कधी भरून आणली.

आणि मी? फोनमध्ये सवयींचं ॲप आहे, पाणी प्यायची आठवण करणारं वेगळं आहे, डायरी आणली तिची चारच पानं भरलीत, रात्री एक वाजेपर्यंत रील बघतो आणि सकाळी स्वतःवरच चिडलेला असतो. समुद्र घरापासून दहा मिनिटांवर, म्हटलं निदान चालायला तरी लागू. गेल्या दिवाळीत पाडव्याला सुरू केलं, आठवडाभर टिकलं. मग होळीच्या दुसऱ्या दिवशी परत, रोज साडेसहाला. पहिले पाच दिवस काय सांगू, पाण्याकडेची पुळण, म्हणजे वाळूचा पट्टा, अशी घट्ट की सायकल चालवावी. मग हळूहळू नको वाटायला लागलं, वाळूत पाय रुतायचे, पोटऱ्या भरून यायच्या, आठव्या दिवशी वैतागून सुरूच्या बनातून गेलो तर कुत्री मागे लागली, नवव्या दिवशी उठलोच नाही. ॲपमधली हिरवी साखळी तुटली की माझं मन उडतंच. नंतर गुढीपाडव्याला मोठ्या हौसेने सुरू, रामनवमीला बंद.

त्यात मी आठ वाजता बाहेर आलो की अण्णा एवढंच म्हणतात, "उठलास?" बहुतेक टोमणा नसतोच त्यात, पण मला लागतो. परवा मी उगाच तिरसट बोललो आणि दिवसभर दोघंही गप्प.

सवय लागायला 21 दिवस लागतात म्हणे, माझे नऊ पण होत नाहीत. काय चुकतंय?

चहाबाज

आधी ते ॲप उडव भावा, पाणी प्यायला रिमाइंडर लागतो म्हणजे कमाल आहे, मे महिन्यात कोकणात तहान लागत नाही का तुला 😄

हर्णैची_लेक

दादा, मी तुमचा मेसेज दोनदा वाचला आणि हसू आवरेना, राग मानू नका. तुम्ही समुद्रापासून दहा मिनिटांवर राहता आणि कालनिर्णयवर फक्त दुधाचे आकडे बघता!

तुम्ही तिन्ही वेळा कधी सुरू केलंत बघा. दिवाळीचा पाडवा, प्रतिपदा. होळी पौर्णिमेची, म्हणजे दुसरा दिवस प्रतिपदा. गुढीपाडवा तर प्रतिपदाच. आमच्याकडे भरतीचा हिशोब घड्याळावर नाही, तिथीवर. तिथीची पाऊणपट करायची, जो आकडा येतो त्या वाजताच्या सुमाराला भरती. बाबांची होडी होती तेव्हा मला पाढे येण्याआधी हे येत होतं. पंचमीला पावणेचार, दशमीला साडेसात, पुनवेला आणि अवसेला सव्वाअकराच्या पुढेमागे. दिवसातून दोनदा भरती, मध्ये सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं.

आता तुमचं गणित करा. प्रतिपदेच्या आसपास सकाळी सहा-साडेसहा म्हणजे ऐन ओहोटी, त्यातून उधाणाचे दिवस, पाणी पार आत गेलेलं, म्हणून तुम्हाला सायकल चालवण्यासारखी पुळण मिळाली. अष्टमीला सहाची भरती! तुम्ही साडेसहाला पोचता तेव्हा घट्ट पट्टा पाण्याखाली असतो. भांगाची, म्हणजे लहान भरती असल्यामुळे पाणी फार वर चढत नाही, वाळू शिल्लक दिसते, म्हणून तुमच्या लक्षात आलं नसेल, पण ती वरची भुसभुशीत वाळू, तिच्यात कुणीही दमेल. आमच्याकडे बंदरावर लिलावाला जाणाऱ्या बायका त्या वाळूतून डोक्यावर टोपली घेऊन चालतात, त्यांना विचारा पोटऱ्या म्हणजे काय ते.

सप्तमी ते दशमी सकाळचं चालणं सोडा, नाहीतर रस्त्याने जा. एकादशी-द्वादशीपासून परत पुळण मोकळी व्हायला लागते. पुढच्या वेळी शुभ मुहूर्त बघू नका, पंचांगाचा दुसरा उपयोग करा. हा हिशोब अंदाजाचा आहे हं, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो.

पुस्तकी_किडा_रत्नागिरी

वरच्या ताईंना साष्टांग नमस्कार. मी सायकॉलॉजी शिकवतो, आता वर्गात हेच उदाहरण देणार.

21 दिवसांबद्दल थोडं. हा आकडा एका अमेरिकन प्लॅस्टिक सर्जनच्या 1960 च्या पुस्तकातून पसरला. त्याचं निरीक्षण असं होतं की ऑपरेशननंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तीन आठवडे लागतात. त्यातलं 'निदान' गळालं आणि चेहऱ्याच्या जागी जगातली प्रत्येक सवय आली. पुढे 2009 मध्ये लंडनच्या एका विद्यापीठातल्या संशोधकांनी 96 जणांना 12 आठवडे रोज एकच नवी गोष्ट करायला लावली, म्हणजे जेवताना फळ खाणं किंवा नाश्त्यानंतर चालणं असलं काहीतरी. ती अंगवळणी पडायला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला, पण कुणाला 18 तर कुणाला हिशोबाने 254. आणि तुमच्या कामाची गोष्ट ही की एखादा दिवस चुकला तर त्याने फारसा फरक पडत नव्हता. तुमची ती हिरवी साखळी तुम्हाला उलटंच शिकवतेय, एक दिवस गेला की सगळं गेलं.

अण्णांचंही बघा, ते 'रोज लवकर उठायचं' असं ठरवून उठत नसणार. अडसर, मोटर, खोरं, चहा, एकातून दुसरं निघतं. तुमचा साडेसहाचा अलार्म कशातून निघतो? रात्री एकला संपलेल्या रीलमधून.

मागचं_दार

मी मालवणची, लग्न होऊन आता कणकवलीला. सगळ्यांचं वाचलं, छान आहे, भरतीचं तर फारच आवडलं, पण मला एक सांगा, सव्वासहाचा तो चहा कोण करतं?

आवशीक विचारलंस काय रे बाबा, ती किती वाजता उठते ते? एवढ्या लांब पोस्टमध्ये आई एकदाही नाही. अण्णांचं वेळापत्रक चाळीस वर्षं घड्याळासारखं चाललं असेल तर ते घड्याळ मागच्या दारी कुणीतरी किल्ली देत असेल ना. माझे सासरेही असेच, पहाटे पूजा, फुलं, सगळं वेळच्या वेळी, गावात नाव आहे त्यांच्या शिस्तीचं. सासूबाई पडून पाय मोडला तेव्हा दीड महिना त्या शिस्तीचे कसे बारा वाजले ते मी बघितलंय, आंघोळीचं पाणी तापलेलं नाही म्हणून पूजा साडेनऊला! त्यांना चूल पेटवता येत नाही अशातला भाग नाही. कधी वेळच आली नव्हती.

मला स्वतःला सात वर्षांपासून सकाळी अर्धा तास वाचायचंय. पेज, डबे, मुलीची वेणी, रिक्षा, हे सगळं झालं की साडेनऊ वाजतात आणि मग वाचायला बसलं की झोप येते. आता मी काय करते, भाताला शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला टेकून उभ्याने वाचते. तीन शिट्ट्या म्हणजे चार पानं. पिठाचे डाग पडलेत पुस्तकाला, लायब्ररीवाला बघतो माझ्याकडे.

रोठा

श्रीवर्धनहून. वरच्या सरांनी एकातून दुसरं निघतं असं लिहिलं ते अगदी बरोबर, पण त्याची दुसरी बाजू सांगतो.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं, आमचं आगर दुपारच्या दोन-तीन तासांत झोपलं. सुपाऱ्या मधोमध मोडल्या, माड मुळासकट उलटे. वडील दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला नेहमीसारखे उठले, खोरं घेतलं, मागच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथेच बसले. पाणी देणार कुणाला? लाईट नव्हती म्हणजे मोटरही नव्हती. असे किती दिवस, पाचला उठायचं आणि पायरीवर बसायचं, आई चहा तिथेच नेऊन द्यायची. शेवटी कुणीतरी रोपं आणून दिली, तेव्हा बादलीने पाणी घालायला लागले. नवीन सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

म्हणून मला त्यांच्या लवकर उठण्याचं आता कौतुक वाटत नाही, काळजी वाटते. अण्णा "उठलास?" म्हणतात ना, तुम्ही एक दिवस खोरं घेऊन मागून जा. चालण्याचा व्यायाम पण होईल.

आगरातला_आळशी

सगळ्यांचे आभार, उत्तर द्यायला आठवडा लागला.

हर्णैच्या ताई, कालनिर्णय काढून होळीपासूनची पानं उलटी लावून बघितली. तंतोतंत. मी सहा महिने स्वतःला नालायक म्हणत होतो आणि तिकडे चंद्राचं काम चाललं होतं! अण्णांना पाऊणपटीचं विचारलं तर म्हणाले, "मग? तुला नव्हतं माहीत?" लहानपणी आजोबा समुद्रावर जाताना बोटांवर मोजायचे ते हेच म्हणे.

रोठा, तुमचं वाचून दुसऱ्या दिवशी पावणेपाचला खोरं घेऊन गेलो. अण्णा काही बोलले नाहीत, टॉर्च माझ्या हातात दिली फक्त. तिसऱ्या आळ्याशी बांध फोडला आणि अर्धं पाणी शेजाऱ्यांच्या वईखालून, म्हणजे कुंपणाखालून, गेलं, त्यावर मात्र बरंच बोलले. त्यानंतर दोनदा गेलोय, दोनदा झोपलोय. साखळीवालं ॲप काढून टाकलं. रील चालूच आहेत, खोटं कशाला बोला.

मागचं दार, तुमचा प्रश्न वाचून जरा वेळ फोन बाजूला ठेवला होता. आई चार वाजता उठते. अडसराचा आवाज ऐकून मला अण्णा उठलेले कळायचे, ती मागच्या दाराने जाते, त्या दाराला आवाजच नाही. चहा आता मी करतो, निदान उठेन त्या दिवशी. पहिल्या दिवशी आल्याचा अंदाज चुकला, अण्णांना ठसका लागला.

तिला म्हटलं तू पण चल समुद्रावर, तर म्हणाली मागच्या गणपतीला विसर्जनाला गेले होते त्यानंतर गेलेच नाही. दहा मिनिटांवर घर! सकाळी तिला जमणार नाही, चारनंतर मोकळी असते. मग दोघांनी कालनिर्णय घेऊन हिशोब केला, त्रयोदशीला पावणेदहाची भरती, म्हणजे चारच्या सुमाराला सुकती (ओहोटी), पुढे पौर्णिमेपर्यंत संध्याकाळ आमची. आज नवमी. तिच्या स्लीपरचा अंगठा तुटलाय, उद्या गुहागरला जाऊन आणायचीय, आणि ती म्हणते निळी नको.