मालदीवची गळाची मासेमारी कशी टिकली?

प्रश्न :
मालदीवमध्ये ट्यूना, म्हणजे आपला कुपा, आजही काठीला बांधलेल्या गळाने पकडतात आणि तो युरोपच्या बाजारापर्यंत जातो, असे वाचनात आले. आमच्या रत्नागिरीकडे पर्ससीन नौका (थव्याभोवती मोठे जाळे टाकून ते खालून आवळणाऱ्या) आणि लहान होड्या यांचा वाद अनेक वर्षे धुमसत असल्यामुळे मनापासून विचारतो : एकेक मासा ओढून एवढा व्यापार चालतो कसा, आणि मोठ्या जाळ्यांना तेथे वाव का मिळाला नाही?

प्रतिसाद १ :
हे काम वाटते तितके संथ नाही. खलाशी आधी प्रवाळाजवळ बारीक मासळी पकडून ती नौकेतल्या पाण्याच्या हौदात जिवंत ठेवतात. कुप्याचा थवा सापडला, की ती मूठमूठ समुद्रात फेकतात आणि वरून पाण्याचे फवारे सोडतात, त्यामुळे खवळलेल्या थव्याला नौका नीट दिसत नाही. गळाला उलटा काटा नसल्याने मासा नौकेत पडताक्षणी सुटतो आणि गळ लगेच पुन्हा पाण्यात जातो. आपल्या लक्षद्वीपमधील मिनिकॉयला हीच पद्धत आहे. तेथील भाषाही मालदीवच्या धिवेहीचीच बोली आहे. मालदीवच्या शिडाच्या धोणींना (पारंपरिक नौकांना) १९७४पासून इंजिने बसू लागली, पण गळ बदलला नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रतिसाद २ :
यात कायद्याचाही वाटा आहे. मालदीवच्या हद्दीत जाळ्याने ट्यूना पकडता येत नाही, शार्कच्या मासेमारीवर २०१०मध्ये बंदी आली आणि २०१२मध्ये तेथील गळाच्या कुप्याला शाश्वत मासेमारीचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. मात्र २०१४मध्ये युरोपची आयात-शुल्क सवलत गेल्यापासून डबाबंद मालावर २४ टक्के शुल्क बसते. म्हणजे संयमाने धरलेला मासाच बाजारात महाग ठरतो, आणि हा मला उघड अन्याय वाटतो.

प्रतिसाद ३ :
कुपा हद्द पाळत नाही, हेही लक्षात घ्यावे. मालदीवबाहेर पर्ससीन जहाजे तरंगते तराफे सोडून त्यांखाली जमणारे थवे, लहान पिल्लांसकट, उचलतात. या तराफ्यांवर वर्षातून ७२ दिवस बंदी घालण्याचा ठराव हिंदी महासागर ट्यूना आयोगाने फेब्रुवारी २०२३मध्ये मोम्बासा येथे संमत केला होता, परंतु युरोपीय संघासह अनेक सदस्यांनी हरकती नोंदवल्या. स्वतःच्या पाण्यात कितीही शिस्त पाळली, तरी मालदीवच्या खलाशाच्या गळाला उद्या काय लागेल, हे बरेचसे त्या आयोगाच्या टेबलावर ठरते.