प्रतिसाद: आधी नराकडे बघा
मुरबाडच्या दादांनी विचारलंय, उन्हाळ्यापासून सशाच्या माद्या गाभण राहत नाहीत, ई-सेलेनियमचा (ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम खनिजाच्या औषधाचा) डोस वाढवू का? दादा, बाटली राहू द्या, आधी पत्र्याखालचा नर बघा. दिवसेंदिवस 30 अंशांच्या वर राहिला की त्याच्या वीर्याचा कस उतरतो, पाऊस लागला तरी सुधारायला दीड-दोन महिने जातात. तोवर मादीला कशाला बोल लावायचा? तिचं बीज तर नर लावल्यावरच, दहाएक तासांनी सुटतं.

खुराकात ई जीवनसत्त्व कमी असेल तरच वरून दिलेलं कामाचं. मला खरी धास्ती ‘ए’ जीवनसत्त्वाची. कमी पडलं तरी गर्भ जिरतात, जास्त झालं तरी तेच. पेलेटमध्ये (तयार गोळी खुराकात) ते बहुधा घातलेलंच असतं. त्यावर पाण्यातून कोंबड्यांचं ‘ए’वालं टॉनिक (दुकानदार हेच गळ्यात मारतो) म्हणजे आगीत तेल. आणि पिशवीवरची तारीख वाचा. आपल्या दमट हवेत जुन्या पेलेटमधली जीवनसत्त्वं लवकर उतरतात.