शब्दचर्चा : 'फर्फी'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न (नाशिक)

पहिल्या महायुद्धात तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला लढलेल्या एका ऑस्ट्रेलियन शिपायाच्या आठवणी मराठीत आणतोय. दर चार पानांआड एक शब्द आडवा येतो: फर्फी. आज रात्री कुमक येणार, ही फर्फी. तुर्कांचा दारूगोळा संपला, ही फर्फी. नाताळाला आपण घरी, ही तर महाफर्फी. कोशात 'अफवा' एवढंच दिलंय. पण अफवा लिहिलं की वाक्य मरतं. अफवा हा आता पोलिसांच्या पत्रकातला शब्द झालाय, 'नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये' वगैरे. चार दिवस दाढी न केलेला, खंदकात उकिडवा बसलेला माणूस शेजाऱ्याला 'ही अफवा आहे' असं सांगेल का? मग काय म्हणेल?

प्रतिसाद (सातारा)

कंडी म्हणेल. 'कुणीतरी कंडी पिकवलीय' हे आमच्याकडे अजून रोजच्या बोलण्यात आहे.

तशी या मालाची मराठीत टंचाई नाही. कंडी पिकते, वावडी उडते, भुमका उठते, आवई उठते, हूल उठते आणि पुडी सोडतात. पण हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. पुडी सोडणाऱ्याच्या मनात काहीतरी असतं, तो मुद्दाम सोडतो. वावडी म्हणजे पतंग, तेव्हा मांजा कुणाच्या तरी हातात असणारच. कंडीचं तसं नाही. पेरली कुणी हे कुणी विचारत नाही, ती आपली पिकते. आवईत मला भीतीचा वास येतो. गनीम आला, पूल पडला, धरण फुटलं, या आवया. 'नाताळाला घरी' ही आवई होऊच शकत नाही, ती फार गोड आहे.

प्रतिसाद (मेलबर्न)

दादा, कंडी सुरेख आहे, पण फर्फीतलं पाणी त्यात सांडतं. सांगते.

फर्फी हे आडनाव आहे. इथून उत्तरेला शेपर्टन नावाचं गाव आहे. तिथे जॉन फर्फी नावाचा लोहार होता, त्याची ओतशाळा होती. १८८०च्या सुमारास त्याने पाण्याचा गाडा बनवायला घेतला. आडवं पिंप, दोन चाकं, पुढे घोडा, मावणार १८० गॅलन, म्हणजे आठशे लिटरच्या आसपास. पिंपाच्या अंगावर ठळक अक्षरांत फर्फीचं नाव आणि गावाचं नाव. असा एक गाडा मी एका छोट्या गावातल्या संग्रहालयात हात लावून पाहिलाय. पिंपाची दोन्ही तोंडं ओतीव लोखंडाची, परातीएवढी गोल, आणि त्यावर उठावाच्या अक्षरांत चक्क एक पद्य. चांगलं करा, त्याहून चांगलं करा, चांगल्याचं उत्तम होईपर्यंत थांबू नका, अशा अर्थाचं. आपल्या ट्रकच्या मागे असतं तसं, फक्त ओतलेलं. पुढे त्यात लघुलिपीतली एक ओळ आली: पाणी ही देवाची देणगी, दारू सैतानाची करणी, या, पाणी प्या. ज्यांना उद्देशून लिहिलं त्यांच्यापैकी कितींना लघुलिपी वाचता येत होती, देव जाणे.

१९१४ च्या ऑगस्टात मेलबर्नजवळ ब्रॉडमेडोजला सैन्याची छावणी पडली. तिथे पाणी या गाड्यांतून यायचं. गाडा आला की पोरं पेले घेऊन भोवती जमायची, आणि गाडीवान आधीच्या चार तंबूंत काय ऐकलं ते सांगायचा. त्यावरून अशी बातमी म्हणजे फर्फी. छावणी जहाजात चढली, तिच्याबरोबर शब्दही इजिप्त आणि गॅलिपोलीला गेला.

नाशिक

ताई, हे माहीत नव्हतं. आणि मी इतके दिवस फर्फी म्हणजे फुरफुर, कुरकुर असल्या नादाचा शब्द समजत होतो! पण थांबा. जोसेफ फर्फी नावाचा एक कादंबरीकारही आहे ना?

मेलबर्न

आहे, आणि खरी गंमत तिथेच आहे. जोसेफ हा जॉनचा धाकटा भाऊ. आधी बैलगाड्या हाकायचा. दुष्काळात बैल गेले, धंदा बसला, मग भावाच्या ओतशाळेत कामाला लागला. दिवसभर लोखंड आणि रात्री लेखन. 'सच इज लाइफ' ही त्याची कादंबरी सिडनीच्या 'बुलेटिन' या साप्ताहिकाने १९०३ मध्ये काढली. टोपणनाव घेतलं 'टॉम कॉलिन्स'. हे नाव त्याने का घेतलं असेल? त्या काळच्या गाडीवानांच्या बोलीत टॉम कॉलिन्स म्हणजे कुणी कधी न पाहिलेला तो माणूस, ज्याच्या नावावर सगळ्या बिनबुडाच्या बातम्या खपवायच्या. 'कोण म्हणालं?' 'टॉम कॉलिन्स म्हणाला.'

म्हणजे बिचाऱ्याने कंडीचं नाव टोपणनाव म्हणून घेतलं, आणि दोन वर्षं आधीच, १९१२ साली, वारल्यामुळे आपलं खरं आडनावही कंडी झाल्याचं त्याला कळलंच नाही. कादंबरी त्याच्या हयातीत फारशी खपली नव्हती. केट बेकर नावाच्या त्याच्या मैत्रिणीने युद्ध चालू असताना, १९१६ मध्ये त्याच्या कविता छापल्या आणि १९१७ मध्ये कादंबरीचे न बांधता पडून राहिलेले छापील फर्मे विकत घेऊन, बांधून पुन्हा बाजारात आणले. तोवर फर्फी हा शब्द सैन्यात सगळ्यांच्या तोंडी होता. त्या वर्षी दुकानात मुखपृष्ठ पाहून कुणाला हसू आलं असेल का, असं मला नेहमी वाटतं.

प्रतिसाद (पुणे)

व्युत्पत्ती ठीक. भाषांतरकाराला मात्र व्युत्पत्ती नव्हे, प्रयोग बघावा लागतो. मूळ लेखक फर्फी म्हणताना दर वेळी गाडा आठवत होता का? आपण 'तोंडचं पाणी पळालं' म्हणताना पाणी आठवतो का? नाही. मग कंडीच बरोबर. आणि पाण्याभोवती बातम्या जमतात हे काही ऑस्ट्रेलियाचं वैशिष्ट्य नव्हे. अमेरिकन खलाशांचा 'स्कटलबट' म्हणजे जहाजावरचं प्यायच्या पाण्याचं पिंप, आणि त्याचाही पुढे अर्थ झाला कंडी. आपला पाणवठा काय कमी आहे?

एक दुरुस्ती. 'हूल' या शब्दाला साताऱ्याच्या गृहस्थांनी उगाच अफवांच्या रांगेत उभं केलं. उठते ती हूल वेगळी, देतात ती वेगळी. हूल देणे म्हणजे जायचं एकीकडे आणि दाखवायचं दुसरीकडे. त्याला गॅलिपोलीतच उत्तम उदाहरण आहे. डिसेंबर १९१५ मध्ये ॲन्झॅकची, म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची फौज रातोरात काढून घ्यायची होती आणि तुर्कांना पत्ता लागू द्यायचा नव्हता. तेव्हा बंदुका मोर्चावर ठेवून चापाला रिकामा डबा बांधला, त्याच्या वर पाण्याचा डबा. वरच्याचं पाणी थेंब थेंब खालच्यात पडायचं, खालचा जड झाला की चाप ओढला जायचा आणि गोळी सुटायची. माणसं किनाऱ्यावर, बंदुका मागे आपल्याआप चालताहेत. ही हूल!

सातारा

मान्य. (पाणी मात्र इथेही आलंच, पुणेकर!)

प्रतिसाद (डोंबिवली)

याच माघारीच्या आधीच्या आठवड्यांत त्या खंदकांत एक अंक तयार झाला. चार्ल्स बीन हा ऑस्ट्रेलियाचा अधिकृत युद्धवार्ताहर. नोव्हेंबरात त्याने शिपायांकडून मजकूर मागवला. हिवाळा तिथेच काढायचा, तर नववर्षाला मनोरंजन म्हणून अंक काढू, असा बेत होता. म्हणजे दिवाळी अंकच म्हणा ना. शिपायांनी कविता, नकला, खोट्या जाहिराती, व्यंगचित्रं पाठवली. रंग नव्हते म्हणून काहींनी आयोडीन आणि लाल-निळ्या पेन्सिलींवर भागवलं. अंक निघायच्या आधी फौजच निघाली, आणि त्याचं 'द ॲन्झॅक बुक' होऊन ते १९१६ मध्ये लंडनला छापलं गेलं. काही महिन्यांत लाखाच्या वर प्रती गेल्या.

मला मुद्दा वेगळा मांडायचाय. बीनने मजकूर निवडताना भीती, कंटाळा, दारू, कुरकुर असलं बरंच गाळलं. विनोदी, सोसणारा, न डगमगणारा शिपाई तेवढा ठेवला. तेव्हा नाशिककरांनी आपल्या शिपायाच्या तोंडी शब्द घालताना सांभाळावं. 'कंडी' गमतीची आहे. पण दहावी फर्फी खोटी निघाल्यावर अकरावी ऐकणाऱ्याचा आवाज गमतीचा नसतो. तिथे नुसतं 'हं, झालं सुरू' सुद्धा चालेल. प्रत्येक शब्दाला शब्दच द्यायला हवा असं नाही.

नाशिक

हे पटलं. दोन ठिकाणी तसंच करतो.

प्रतिसाद (बडोदा)

लेखकाने स्वतःच शब्दार्थ दिले तर? सी. जे. डेनिसने दिले होते. त्याचं 'द साँग्ज ऑफ अ सेंटिमेंटल ब्लोक' १९१५ मध्ये आलं, मेलबर्नच्या गल्लीतल्या मवाल्याची प्रेमकथा, त्याच्याच बोलीतल्या पद्यात. शेवटी शब्दसूची. पुढच्या वर्षी 'द मूड्स ऑफ जिंजर मिक'. हा मिक रस्त्यावर ससे विकायचा, तो लढाईवर जातो आणि गॅलिपोलीत मरतो. प्रकाशकाने खास खंदकांसाठी म्हणून खिशात मावतील अशा आवृत्त्या काढल्या. त्यात 'स्टाउश' हा शब्द आहे, म्हणजे गल्लीतली मारामारी. मिकला सगळं महायुद्ध स्टाउशच वाटतं. इथे 'संग्राम' लिहिणाऱ्या भाषांतरकाराला शिक्षा व्हावी. 'राडा' म्हणा!

अजून एक. त्या ब्लोकच्या तोंडी प्रेयसीसाठी 'क्लायना' असा शब्द येतो, आणि तो जर्मन 'क्लायनं' म्हणजे 'छोटी' वरून आला असं मानतात. बाहेर जर्मनांशी युद्ध चालू, दक्षिण ऑस्ट्रेलियात १९१७ मध्ये कायदा करून हान्डॉर्फसारखी जर्मन गावनावं पुसून टाकताहेत, आणि इकडे सगळ्यांच्या आवडत्या पुस्तकात जर्मन शब्द बिनबोभाट लाडात येतोय. नकाशा बदलायला कायदा पुरतो, तोंडातला शब्द कोण काढणार?

पुणे

नकाशाचं ठीक आहे, पण ललित पुस्तकाला शब्दसूची म्हणजे पंगतीत मेनूकार्ड. मूळ प्रश्नाकडे या.

प्रतिसाद (नागपूर)

मूळ प्रश्नाला धरूनच बोलतो. फर्फी आणि ठरवून केलेली फसवणूक यांत गल्लत नको. दुसऱ्या महायुद्धातलं उदाहरण घ्या. १९४३ च्या ऑक्टोबरात जेम्स मॅकॉली आणि हॅरल्ड स्टुअर्ट हे दोघे कवी मेलबर्नला लष्करी नोकरीत होते. आधुनिक कवितेवर दोघांचा राग. एका शनिवारी बसले आणि हाताशी होती ती पुस्तकं उघडून त्यांतल्या ओळी जोडत सुटले. शेक्सपियर होता, कोश होता, आणि डासांची पैदास होणाऱ्या डबक्यांचा निचरा कसा करावा यावरचा एक अमेरिकन अहवालही होता. सोळा कविता झाल्या. कवी म्हणून 'अर्न मॅली' नावाचा, पंचविशीत वारलेला, कुणालाच माहीत नसलेला तरुण जन्माला घातला. त्याच्या बहिणीच्या नावाने पत्र लिहून कविता ॲडलेडच्या 'अँग्री पेंग्विन्स' या वाङ्मयीन नियतकालिकाचा तरुण संपादक मॅक्स हॅरिस याच्याकडे धाडल्या. हॅरिस हरखला. १९४४ मध्ये त्याने खास अंकच काढला. जूनमध्ये भांडं फुटलं.

याला कंडी म्हणाल का? नाही. वावडी? नाही. ही लोणकढी थाप, आणि अर्न मॅली हा तोतया. पानिपतानंतर 'भाऊ जिवंत आहेत' ही कंडी पिकली, ती आपोआप. तिच्या जोरावर जो उभा राहिला तो तोतया. कंडी आणि तोतया यांच्यातलं अंतर आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

आता शब्दचर्चेसाठी मेवा. पुढे हॅरिसवर अश्लीलतेचा खटला भरला. साक्षीला आलेल्या पोलीस अंमलदाराने एका कवितेतल्या एका शब्दाबद्दल, रक्ताच्या नात्यातल्या संबंधाला वापरतात त्या, सांगितलं की मला त्याचा अर्थ माहीत नाही, पण त्यात काहीतरी असभ्य सुचवलंय असं वाटतं. हॅरिसला पाच पौंड दंड झाला. थाप मारणारे दोघे मोकळे.

मेलबर्न

'अर्थ माहीत नाही, पण असभ्य आहे' हे वाक्य आमच्या शाळेतल्या एका बाईंचं होतं, असं मला आत्तापर्यंत वाटत होतं.

बरं, नाशिककर, एक लक्षात घ्या. फर्फीचा अर्थ आता सरकलाय. इथे हल्ली राजकारणात जास्त ऐकू येतो. समोरच्याला थेट खोटारडा म्हणणं असंसदीय, म्हणून 'ही विरोधकांची फर्फी आहे'. तिथे नागपूरकरांची थाप चालेल. तुमच्या १९१५ च्या शिपायाला नाही चालणार. त्याची फर्फी खोटी असेलच असं नसतं, खरी निघावी अशी त्याची इच्छा असते.

नाशिक

शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं. सगळ्यांचं ऐकून असं ठरवतोय. पहिल्यांदा शब्द येतो तिथे छावणीतला पाण्याचा गाडा एका वाक्यात दाखवायचा, फर्फी हे नाव त्या पिंपावरच वाचायला मिळेल. त्यानंतर शिपायांच्या तोंडी 'गाड्यावरची बातमी'. नमुना:

'आपल्याला फ्रान्सला नेणार म्हणे.'
'कोण म्हणालं?'
'गाड्यावरची बातमी आहे.'
'मग राहू दे.'

पुणे

मराठी वाचकाला वडापावचा गाडा दिसेल.

नाशिक

दिसू दे. आमच्या कोपऱ्यावरच्या गाड्यावर काल कळलं की उड्डाणपुलाचं काम सोमवारपासून सुरू होतंय. सहाव्यांदा कळलं.