इंजिनिअरिंगच्या पोरांना टीमवर्क शिकवायला गेम सुचवा (बीजीएमआय, म्हणजे मोबाइलवरचा तो गोळीबाराचा गेम सोडून)

ऐरोलीची_मॅडम
नमस्कार मंडळी. नवी मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते, सेकंड इयरचे मिनी प्रोजेक्टचे ग्रुप माझ्याकडे असतात. चौघांचा ग्रुप, त्यात एक जण सगळं करतो, दुसरा रिपोर्टला बाइंडिंग करून आणतो आणि उरलेले दोघं व्हायवाच्या सकाळी विचारतात मॅडम आपला टॉपिक काय होता. दरवर्षीचं रडगाणं. गेल्या वर्षी टीमवर्कवर पीपीटी दाखवली, मलाच झोप आली. म्हणून डोक्यात आलंय की एका शनिवारी दोन तास काढून व्हिडिओ गेम खेळायला लावायचे, असे की एकट्याच्या जोरावर काम होणारच नाही. मी शेवटचा खेळलेला गेम म्हणजे नोकियावरचा साप, तेव्हा जरा सोप्पं करून सांगा.
लॅबमधे साधे पीसी, ग्राफिक कार्ड नाही, अर्ध्या साइट ब्लॉक, बजेट म्हणजे माझी पर्स. वर्गात पाच-सहा पट्टीचे गेमर आणि बाकीच्यांनी कँडी क्रशच्या पुढे काही पाहिलेलं नाही. एचओडी सर म्हणाले गेमिंगवर सरकारने बंदी आणली ना? यावर काय बोलू तेही सांगा.

घणसोली_नाइटशिफ्ट
मॅडम आधी सरांचं. २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर आहे, ई-स्पोर्ट्स आणि शिकवण्याचे गेम त्यात वेगळे धरलेत. त्यामुळे टेन्शन नाही.
गेम म्हणाल तर डोळे झाकून कीप टॉकिंग अँड नोबडी एक्स्प्लोड्स. २०१५ चा आहे. एकाच्या स्क्रीनवर बॉम्ब, बाकीच्यांनी स्क्रीन बघायची नाही, त्यांच्या हातात बॉम्ब निकामी करायचं मॅन्युअल. ज्याला बॉम्ब दिसतो त्याला नियम माहीत नाहीत, ज्यांच्याकडे नियम त्यांना बॉम्ब दिसत नाही, मधे फक्त तोंड चालवायचं. घड्याळ उलटं पळतंय, चुकलं की स्ट्राइक, आणि स्ट्राइक पडला की घड्याळ अजून जोरात पळतं. मॅन्युअलची पीडीएफ फुकट आहे, २३ पानं, झेरॉक्सवाल्याकडून काढा. एका ग्रुपला गेमची एकच कॉपी लागते, लॅबच्या पीसीचा भरवसा नसेल तर मोबाइलवर पण आहे.
आमच्या ऑफिसात नवीन पोरांना खेळवला होता. त्यात एक चिन्हांचा भाग आहे, चार चिन्हं ठरलेल्या क्रमाने दाबायची. एक जण ओरडतोय "चांदणी! चांदणी!" आणि मॅन्युअलवाले घामाघूम, कारण चांदण्या दोन आहेत, एक भरीव एक पोकळ. तसंच पोटात टिंब असलेला सी, एक सरळ एक उलटा. एकाने तर एका चिन्हाला गणपतीची सोंड म्हटलं आणि पुढच्या राउंडला सगळी टीम सोंडच म्हणायला लागली, ते बघून मला मज्जा आली, म्हणजे पोरांनी आपली आपली भाषा बनवली ना. वायर कापायच्या नियमात सिरियल नंबरचा शेवटचा आकडा विषम आहे का ते लागतं, आणि तो नंबर बॉम्बच्या बाजूला कुठेतरी असतो, फिरवून बघावा लागतो. मॅन्युअलवाल्याने विचारलं नाही तर समोरचा सांगणारच नाही, त्याला कुठे माहितीये की ते लागतंय! तुमच्या व्हायवावाल्या दोघांना मॅन्युअल द्या.

कोपरीचा_सुन्या
+१ बॉम्बला.
फुकटात पाहिजे असेल तर ओपनटीटीडी, ओपन सोर्स, डबड्या पीसीवर पण पळतं आणि लॅनवर, म्हणजे लॅबमधल्या आपापसात जोडलेल्या पीसींवर, सगळे एकाच नकाशात खेळू शकतात, त्यामुळे साइट ब्लॉक असल्या तरी पेन ड्राइव्हने टाका नि चालू. रूळ टाकायचे, गाड्या सोडायच्या, सिग्नल लावायचे. साधा नियम, एका ब्लॉकमधे (दोन सिग्नलमधला रूळ) एकच गाडी. पण एकाने त्याची लाइन दुसऱ्याच्या लाइनला जोडली आणि सिग्नल कुठे ते कोणी कोणाला सांगितलं नाही की ही गाडी त्या गाडीसाठी थांबलेली, ती तिसरीसाठी, आणि तिसरी पहिलीसाठी. ठाण्याला रोज लोकलमधे लटकणाऱ्याला हे वेगळं शिकवायला नको 😅 पण कॉम्प्युटरवाल्यांनो हाच तुमचा ऑपरेटिंग सिस्टिममधला डेडलॉक! आमच्या सरांनी तो फळ्यावर दोन गोल दोन चौकोन काढून शिकवलेला, मला कळला गेम खेळून.
फॅक्टोरिओ पण भारी, पट्टे टाकून कारखाना उभारायचा, माल कुठे अडकतोय ते शोधायचं. विकतचा आहे आणि त्यावर सेल कधीच लागत नाही, पण डेमो फुकट आहे. फक्त हे दोन्ही दोन तासात आटपत नाहीत, सेमिस्टरभर द्यायला हवेत.

नौपाडा_जुना
वागळे इस्टेटला एकतीस वर्षं कारखान्यात काढली. टीमवर्क शिकायला कॉम्प्युटर कशाला लागतो, टेंभी नाक्यावर हंडीला या, खालच्या थराचा एक पाय हलला की वरचे सगळे खाली. असो, जमाना तुमचा. पण मॅडम, वरच्या दोघांनी खेळ सांगितला, खेळ झाल्यावर काय ते कोणी बोललं नाही. आमच्याकडे मशीन बंद पडलं की मीटिंगमधे पहिल्यांदा विचारायचे, कोणाला काय माहीत होतं आणि ते कधी कळलं. कोणी चूक केली हा प्रश्न शेवटी, बहुतेक वेळा तिथपर्यंत यायची गरजच पडायची नाही. तुम्ही अर्धा तास खेळवा आणि अर्धा तास नुसतं हे विचारा. नाहीतर पोरं घरी जाऊन सांगतील आज कॉलेजात टाइमपास होता, आणि ते खरंच असेल.

खारघर_सिव्हिल
काकांना दंडवत. मी हे करून हात पोळून घेतलेत म्हणून लिहितोय. मी ओव्हरकुक्ड लावला होता, २०१६ चा, चौघं मिळून स्वयंपाकघर चालवतात. गेम गोड आहे पण झालं काय, दोन गेमरनी रिमोट पकडले आणि बाकीच्यांना हुकूम सोडायला लागले, टोमॅटो काप, ताट धू. स्कोअर पहिला आला आणि टीम झाली नाही. त्यात मी मूर्खासारखे स्कोअरवर मार्क ठेवले होते. तेव्हा मॅडम, स्कोअरला मार्क नको. गेमर पोराला पहिल्या राउंडला माउसला हात लावू देऊ नका, त्याला वही द्या आणि लिहायला सांगा कोण काय बोललं, कोणाचं ऐकलं गेलं नाही. बॉम्बच्या गेमचा फायदा हाच की बोटांचा वेग काही कामाचा नाही. पोर्टल २ मधे दोन रोबॉटचा खेळ सुंदर आहे पण दोघंच खेळू शकतात, साठ जणांच्या वर्गाला कुठे पुरणार.
वॉर्मअपला स्पेसटीम, मोबाइलवर फुकट, दोन ते आठ जण. तुमच्या स्क्रीनवरची ऑर्डर दुसऱ्याच्या पॅनेलवरच्या बटणाची असते, सगळे बोंबलतात. शेजारच्या लॅबला आधी सांगून ठेवा.

ऐरोलीची_मॅडम
सगळ्यांचे आभार, शनिवारी केलं. बॉम्बच घेतला, दोन कॉपी माझ्या पैशाने.
पहिला बॉम्ब सगळ्यांचा फुटला. जो एरवी एकटा सगळं करतो तो मॅन्युअल स्वतःकडे ओढून मुकाट्याने पानं उलटत बसला आणि स्क्रीनवाली "अरे बोला काहीतरी" करत राहिली. आणि बाइंडिंगवाला! तो म्हणाला थांब, आधी सिरियल नंबर वाच, मग वायर किती, मग रंग, वरून खाली. आणि समोरच्याने सांगितलेलं तो परत म्हणून दाखवायचा, कोणी शिकवलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाला बाबा केमिस्टचं दुकान चालवतात, फोनवर औषधाची ऑर्डर अशीच घेतात. दीड वर्षात मी त्या पोराचा आवाज ऐकला नव्हता हो.
नौपाडा काका, तुमचा प्रश्न विचारला. पहिली दहा मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत. मग एकीने सांगितलं, लाल लाइट लागलेला मला दिसत होता पण मला वाटलं त्यांना माहीत असेल. त्यावरून गाडी मिनी प्रोजेक्टवर गेली आणि सेन्सर जळाल्याचं दोन आठवडे कोणी कोणाला सांगितलं नव्हतं ते तिथे बाहेर आलं. भांडण झालं थोडं. मी होऊ दिलं. पावणेपाचला डोंबिवली-बदलापूरवाले दप्तर उचलून पळाले म्हणून थांबलं, नाहीतर चाललंच असतं.
आता नवीन अडचण. एका ग्रुपने मॅन्युअल पाठ केलंय, स्क्रीनवालाच सगळं सोडवतो.

घणसोली_नाइटशिफ्ट
मॅडम लोकांनी बनवलेले नवे भाग फुकट मिळतात, शेकड्याने आहेत आणि प्रत्येकाचं मॅन्युअल वेगळं, कोण किती पाठ करणार. पण ते स्टीमवरून, म्हणजे गेमच्या ऑनलाइन दुकानातून, उतरवावे लागतात आणि तुमच्या लॅबमधे ते ब्लॉक असणार. लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट लावा.

ऐरोलीची_मॅडम
हॉटस्पॉट माझाच ना. बरं.