फॉल्समच्या भिंतीआड

‘जुन्या हॉलिवूड तुरुंगपटांत कैदी बिचारे आणि वॉर्डन (तुरुंगप्रमुख) राक्षस, त्यामुळे ते खोटे वाटतात’ असा आक्षेप घेतला जातो. हा मुद्दा बऱ्याच चित्रपटांना लागू आहे, पण सरसकट नाही. तुरुंगातल्या दंग्यावरचा १९५४चा ‘रायट इन सेल ब्लॉक ११’ जरूर बघा. निर्माता वॉल्टर वँगर स्वतः गोळीबाराच्या गुन्ह्यात काही महिने कैद भोगून आला होता, तिथे जे पाहिलं त्यातूनच हा विषय त्याने घेतला. दिग्दर्शक डॉन सीगलने चित्रीकरण केलं ते कॅलिफोर्नियातल्या फॉल्सम तुरुंगात, आणि गर्दीतले चेहरे खऱ्या कैद्यांचे.

यातला वॉर्डन सुधारणांसाठी भांडतो, दंगेखोरांत मात्र निव्वळ क्रूर माणसंही आहेत. शेवट तर फारच अस्वस्थ करतो (ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगत नाही). असा चित्रपट ‘खोटा’ म्हणून निकालात काढणं मला अन्यायाचं वाटतं.